बाजेवरची शांती

आबा,

एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे माझ्या पदवीचा तुम्हाला उगाच अभिमान वाटायला नको. एकाच गोष्टीसाठी दोन माणसं प्रार्थना करतात, दोघंही मनापासून करतात, आणि एकाला पूर्ण शांती मिळते, दुसऱ्याला जराही मिळत नाही. मग देवाने नक्की कुणाला उत्तर दिलं? कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकले, त्यात बरे गुणही मिळवले, पण हे प्रकरण तिथे कुणी शिकवलं नाही. तुम्ही असतात तर जेवून लिंबाखाली बाजेवर पडला असतात आणि तासाभरात उत्तर घेऊन उठला असतात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. बाज अजून आहे. सुंभ मी दोनदा बदललं.

प्रश्न माझ्या लग्नाचा आहे. इंग्रजी हद्दीतले एक पाळकसाहेब आहेत. विधुर आहेत, सज्जन आहेत, हार्मोनियम वाजवतात, आणि बोलताना प्रत्येक गोष्टीचे तीन मुद्दे करतात. त्यांनी मला पत्र लिहिलं की एकवीस दिवस प्रार्थना केल्यावर त्यांना माझ्याबद्दल पूर्ण शांती लाभली आहे. ते वाचून मला वाटलं, मी म्हणजे एखादा जुना ताप होते, जो एकविसाव्या दिवशी उतरला. मग मिशनच्या मडमसाहेबांनी मला बोलावून सांगितलं की त्यांनाही शांती मिळाली आहे. आईला तर पत्र वाचून दाखवण्याआधीच मिळाली, पाकिटाचा जाड कागद पाहूनच. थोडक्यात, आबा, माझ्या लग्नाबद्दल माझ्याखेरीज सगळ्यांना शांती मिळालेली आहे.

माझी अडचण तुम्हाला माहीत नाही, कारण ती तुमच्यामागे सुरू झाली. तुमच्याच शाळेच्या खोलीत, तुमच्याच फळ्यावर, मी वर्षभर मुलींची शाळा चालवते आहे. चौदा पोरी येतात. परवानगीचा कागद तहसिलातून उर्दूत आला, तो पाटलांनी कुंपणाबाहेर उभं राहून वाचून दाखवला आणि शेवटी आपल्या पदरचं वाक्य घातलं, की निजाम सरकारची काही हरकत न्हाई, हरकत हाय ती पोरींच्या आज्यांची. त्या आज्यांनाही मी एकेक करून समजावलं. आता मी लग्न करून गेले तर शाळा बंद पडेल, मडमसाहेब तसं स्पष्ट म्हणाल्या. सिरसाळ्यापासून चार कोस आत, जिथे पावसाळ्यात गाडीही येत नाही, तिथे दुसरी शिकलेली बाई कोण येणार? त्यांनी हे फार प्रेमाने सांगितलं आणि मग म्हणाल्या, देव एक दार बंद करतो ते दुसरं उघडायलाच. मी विचारलं, पण चौदा जणींचं बंद करून एकीचं उघडतो का? तर त्या म्हणाल्या, तू फार विचार करतेस, त्यामुळे तुला शांती मिळत नाही.

तेव्हा मला तुमची आठवण झाली. शास्त्रात म्हटलं आहे ना, की ख्रिस्ताच्या शांतीला आपल्या मनावर राज्य करू द्यावं? ते तुम्ही इतकं शब्दशः घेतलंत, जितकं लोक तहसीलदाराचा हुकूमही घेत नसत. कोणताही निर्णय घ्यायचा असला की तुम्ही सकाळी गुडघे टेकून तो देवापुढे ठेवायचात, दिवसभर त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, आणि दुपारी जेवून, शास्त्र उशाला घेऊन, बाजेवर डोळे मिटून पडायचात. झोप लागली तर शांती मिळाली, म्हणजे होकार. तळमळत राहिलात तर नकार. मला आठवतं, तुम्ही बाजेवर असलात की मी कोंबड्यासुद्धा हाकलून लावायची, देवाच्या कामात व्यत्यय नको म्हणून.

गावातही याची ख्याती झाली होती. तुम्हाला तो पाटलांचा बैल आठवतो का? पाटील घोडीवरून आले, नेहमीसारखे कुंपणाबाहेर थांबले. आपल्या घरचं पाणी त्यांना चालत नसे, पण आपल्या घरची झोप चालायची. ते म्हणतात, "मास्तर, सिरसाळ्याच्या बाजारात एक खोंड पाहून ठिवलाय. तुमच्या देवाला तेवढं इचारा की." तुम्ही गंभीरपणे हो म्हणता. मग त्यांना चेष्टा सुचते. "पन काय वो, निजामाच्या राज्यात अर्जी द्यायची तर वशिला लागतो. तुमच्या शांतीच्या राज्यात कुनाचा लागतो?" तुम्ही छाती काढून म्हणता, "कुनाचाच न्हाई." आई आत चुलीपाशी लसूण सोलत बसलेली आहे, आणि ती तोंडाला पदर लावते. मला वाटलं तिला ठसका लागला. त्या दुपारी तुमचा डोळ्याला डोळा लागला नाही, पाटलांनी खोंड सोडून दिला, आणि ज्याने तो घेतला त्याचं धोतर खोंडाने भर बाजारात फाडलं. त्यानंतर तर लोक रस्त्यात थांबवून विचारायला लागले, मास्तर, झोपला का?

आणि ती दुपार. मी नऊ वर्षांची आहे. मिशनची बैलगाडी मोमिनाबादला परत निघायची आहे, बोर्डिंगात एका मुलीची जागा आहे, आणि गाडी जुंपेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तुम्ही बाजेवर पडला आहात. मी लिंबाच्या बुंध्यामागे उभी राहून बघते आहे. तुम्ही या कुशीवरून त्या कुशीवर होत आहात, आणि मला वाटतं, तुम्ही झोपेत देवाशी माझ्याबद्दल बोलत आहात, बहुतेक माझ्या पाढ्यांबद्दल. मग तुम्ही उठलात, तांब्याभर पाणी प्यालात आणि म्हणालात, पोरगी जाईल. माझं सगळं आयुष्य त्या झोपेवर उभं आहे. कॉलेजात एका सभेत मी याच विषयावर भाषण केलं. माझ्या वडिलांच्या वामकुक्षीने एका खेड्यातल्या मुलीला पदवीपर्यंत कसं आणलं, हे मी भरल्या सभागृहाला सांगितलं. मागच्या बाकांवरच्या मुली हसत होत्या, पण दोघीतिघींनी डोळेही पुसले.

त्या दिवसाबद्दल माझी एक तक्रार मात्र आहे, आणि ती भाषणात मी घातली नव्हती. आईने मला महिनाभर पुरेल असा गुळाचा खडा पोटलीत बांधून दिला होता. तुम्ही मला सोडायला गाडीत बसलात, आणि ओढा ओलांडायच्या आत माझा सगळा गूळ खाऊन टाकलात. एकामागून एक तुकडे, माझ्याकडे न बघता. मी बोर्डिंगात पहिल्या रात्री रडले तेव्हा सगळ्यांना वाटलं हिला घराची आठवण येते. मी गुळासाठी रडत होते. पंधरा वर्षं हे मी मनात ठेवलं आहे.

तर मडमसाहेबांकडून आल्यावर मी ठरवलं की तुमचाच मार्ग धरायचा. तोवर पाळकसाहेब स्वतःच येऊन गेले. पोरींनी त्यांच्यापुढे भजन म्हटलं, एकीने मधेच शेजारणीचा चिमटा काढला, तरी त्यांनी कौतुक केलं. आईने त्यांना पोटभर जेवू घातलं आणि ते तुमच्या बाजेवर टेकले ते असे घोरायला लागले की बांधलेली शेळी दाव्याला हिसका देऊन पलीकडे गेली. उठल्यावर म्हणाले, "या जागेत विलक्षण शांती आहे." मग त्यांनी मला विचारलं की माझ्या मनात अडचण काय आहे. मी खरं ते सांगितलं, की मला शांती नाही. त्यांनी दयाळूपणे मान हलवली. म्हणाले, "येईल. काहींना ती लग्नानंतर येते."

आई दाराआडून ऐकत होती. तिला हे लग्न हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं, तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "लग्नानंतर अन कुठली शांती?"

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी सकाळी गुडघे टेकले, प्रश्न देवापुढे ठेवला, दुपारी जेवले आणि शास्त्र उशाला घेऊन बाजेवर पडले. आबा, मला अशी झोप लागली की काय सांगू. ऊन पायांवरून तोंडावर आलं तरी कळलं नाही. उठले तेव्हा मन जरा खट्टू झालं, कारण आत कुठेतरी मला नकार हवा होता हे मला तेव्हाच कळलं. पण देवाने सांगितलं म्हटल्यावर माझी खुशी काय मोजायची? आपण काय फक्त आवडणारे हुकूम पाळायचे? मी मोठ्या निश्चयाने आत गेले आणि होकार लिहायला आईकडे दौत मागितली. तिने विचारलं, झोप लागली का. मी म्हटलं, लागली. त्यावर ती भांडी घासता घासता सहज म्हणाली, "लागनारच की."

त्या एका शब्दावर माझं तर्कशास्त्र शेवटी कामाला आलं. मी तिच्या हातातल्या पातेल्याकडे पाहिलं. ताकातल्या कण्या. सकाळपासून जवारीच्या कण्या शिजवून, दाट ताकात कालवून, वर लोण्याचा गोळा घालून तिने मला तीन वाट्या खाऊ घातल्या होत्या, आणि मी एरवी एकच खाते. काल पाळकसाहेबांनाही त्याच होत्या. मी विचारलं, आई, लागणारच म्हणजे काय? तर ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली. म्हणाली, "तुज्या बापाला बी लागायची."

आबा, तुम्ही बसून घ्या. तुमच्या शांतीच्या राज्याचा कारभार चुलीवरून चालत होता. होकार हवा असला की आई कण्या करायची, नकार हवा असला की हिरव्या मिरचीचा ठेचा आणि हरभऱ्याच्या डाळीचं घट्ट पिठलं. तुमचं पोट पहिल्यापासून नाजूक. मिशनने तुमची बदली कड्याला करायची म्हटली तेव्हा तुम्हाला तीन दिवस शांती मिळाली नाही, आठवतं? तीन दिवस पिठलं होतं. कडा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, आणि आईचं माहेर इथून जवळ, धर्मापुरीला. अन पाटलांचा बैल? पाटलीणबाईंनी आदल्या दिवशी नदीवर आईला गाठून सांगितलं होतं, की त्या खोंडाचे डोळे मारकुटे आहेत, मालक माझं ऐकत न्हाईत, तुझ्या मास्तरांचं ऐकतात, काय करायचं ते कर. म्हणजे पाटलांनी ज्या वशिल्याची चेष्टा केली, तो त्यांच्याच घरातून लागला होता.

मी फार संतापले. मी आईला म्हटलं की तू देवाच्या आणि माणसाच्या मधे पातेलं घेऊन उभी राहिलीस, हे पाप आहे. मी भाषणातली वाक्यंही वापरली असतील, मला आता लाज वाटते. आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "अगं, मी बी परारथना करूनच फोडनी द्यायचे. ते बाजंवर इचारायचे, मी चुलीम्होरं इचारायचे. देवानं काय एकाच जागी बसून ऐकायचं का?"  

मग माझा राग एकदम उतरला, कारण एक गोष्ट ध्यानात आली. माझं बोर्डिंग. मी आईजवळ बसले आणि तिचा ओला हात धरला. मला वाटलं, इतकी वर्षं मी तुमच्या झोपेचे आभार मानले, पण आभार या बाईचे मानायला हवे होते. अक्षर न ओळखणाऱ्या माझ्या आईने त्या दुपारी कण्या करून मला शाळेत पाठवलं. मी तिला तसं म्हटलं. 

आईने हात सोडवून घेतला. राखेने पातेल्याचं बूड घासत राहिली, ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"त्या दिशी ठेचा केलता," ती म्हणाली. "दोन मुठी मिरच्या. तू जायला नको होतीस मला. एकच तर पोरगी."

 मग तिने सगळं सांगितलं. तुम्ही सगळा ठेचा खाल्लात, मागून घेतलात. बाजेवर पडलात, तळमळत राहिलात, डोळा लागला नाही. ती दारातून बघत होती आणि आत पोटलीही बांधली नव्हती. मग तुम्ही उठून आत आलात आणि म्हणालात, पोरीचे कपडे बांध. "मी म्हनलं, झोप तर लागली न्हाई तुमाला. तर म्हनले, न्हाई लागली. पोटात आग हाय. पन मन जागेवर हाय." आईने पातेलं पालथं घातलं. "अन भाईर पडताना मागं वळून म्हनले, ठेचा लई चांगला झालता आज."

आबा, म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशीच कळलं, की बैलाच्या वेळेपासून, की पहिल्यापासूनच? आणि माहीत असून तुम्ही प्रत्येक वेळी निमूटपणे पानात येईल ते खात राहिलात, तिलाही तिचं म्हणणं मांडायला एक जागा असावी म्हणून? कड्याला जायचं तुमच्या मनात होतं का? हे मी तुम्हाला विचारू शकत नाही आणि आईला विचारलं तर ती म्हणते, तुजा बाप लई गुनी मानूस, त्याला कळलं अन न कळलं सारकंच दिसायचं. मला एवढंच समजलं की ज्याला मी शांती समजत होते ती झोप होती, आणि तुम्ही ज्याला शांती म्हणत होता ती त्या एका दुपारी तरी झोपेवाचून आली. माझं भाषण चुकलं. त्या सभागृहाला आता कुठे शोधत फिरू?

दुसऱ्या दिवशी शाळा लवकर सोडली आणि आईला म्हटलं, आज ठेचा कर. ती म्हणाली, "कावून?" मी म्हटलं, मला झोपायचं नाहीये. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्यासारखं जागं राहून ठरवणार हे तिला कळलं होतं. लग्न नको म्हणण्याचाच हा रस्ता असू शकतो हेही कळलं होतं, आणि तरी ती उठली, तव्यावर मिरच्या टाकल्या, दोन मुठी, लसूण टाकला, आणि वरवंट्याने रगडत बसली. मधे एकदाच म्हणाली, बापावर गेलीस. मी दोन भाकरी खाल्ल्या. डोळ्यांतून, नाकातून पाणी, कानात घूं घूं. मग बाजेवर पडले.

तिथे कसलाही आवाज झाला नाही, आबा. प्रकाशही पडला नाही. पोटात नुसता जाळ होता आणि शेळी माझ्याकडे संशयाने बघत होती. मी पाळकसाहेबांचा विचार केला, चांगलाच केला, त्यांचा बंगला, हार्मोनियम, तीन मुद्दे. त्यांच्यात काही खोट नाही. पण तिथे मी उभी आहे असं चित्र मनात काढलं की त्यात मी पाहुणीसारखी दिसायची, पिशवी खाली न ठेवलेली. मग मी शाळेच्या खोलीचा विचार केला. खिडकीजवळ बसणारी ती पोर, जिला जोडाक्षर आलं की ती आधी इकडे तिकडे बघते, कुणी पाहिलं का म्हणून. चिमटे काढणारी. जिची आजी रोज शाळेच्या दारात येऊन बसते, नातीवर लक्ष ठेवायला, आणि आता स्वतःच हळूच ओठ हलवून बाराखडी म्हणते. शाळा चालेल याची खात्री नाही, मडमसाहेब नाराज होतील याची आहे. भीती होती, जळजळ होती. पण मन जागेवर होतं. ते तुम्ही आईला सांगितलंत त्याहून चांगल्या शब्दांत मला सांगता येत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही येत नाही. पाळकसाहेबांना शांती मिळाली ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. कदाचित देवाने त्यांना वेगळंच काही सांगितलं आणि त्यांनी त्यात माझं नाव घातलं असेल. कदाचित कण्यांचा गुण असेल. मी त्यांना लिहिताना यातलं काही लिहिलं नाही. तीन मुद्दे केले, त्यांना बरं वाटावं म्हणून, आणि तिन्ही मुद्दे नाहीचे होते.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. तुमच्या उशाच्या शास्त्रात ठेवून देते आहे. पाळकसाहेबांचं पत्र मात्र मंगळवारी मी स्वतः सिरसाळ्याला चालत जाऊन टपालात टाकलं. येताना पोरींसाठी गूळ घेतला होता, धडा न चुकता वाचणारीला देण्याकरता. पोट अजून जळत होतं. ओढा ओलांडायच्या आत तो मी सगळा खाल्ला.